मंजूर म्हणायच्या आधी

मित्रहो, आज भोकरदनला आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा झाली. बाहेर जेवण तयार होतं, त्यामुळं विषय वाचून संपायच्या आत सगळे ओरडत होते, "मंजूर, मंजूर!"

तेवढ्यात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या मालनबाई उठल्या.

"रोज दुकानावर येऊन बचत नेणारा माणूस बंद, अन् पैसे मोबाइलवरून भरायचे? मला मोबाइल येत न्हाई. मंग मी बचतच करू नको का?"

"मावशी, मंजूर झालं, बसा," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या भुकेनं मंजूर केलंय!"

हशा पिकला. मी अहवाल पूर्ण वाचणारा माणूस. उठून म्हणालो, या विषयावर हात वर करून मतदान घ्या. माणूस बंद करण्याच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. दुकानावर येऊन बचत नेण्याची सेवा चालू राहिली.

रक्तदान शिबिर, मुलांचे सत्कार, सगळं आम्ही हौसेनं करतो. मग शेजारच्या सभासदाचं काय बंद होतंय, हे ऐकायला का थांबत नाही?