चाक उचलताना

माझा थोरला भाऊ भुसावळला रेल्वेत नोकरीला आहे. त्याने जुनी डर्ट बाईक घेतली आणि भडगावला आमच्या घरी आणून ठेवली. तो यायचा फक्त रविवारी. मी बी.एड. करून घरीच होते, म्हणजे आठवडाभर गाडी माझीच. कपाशी उपटून झालेलं आमचं रान मोकळं पडलं होतं. तिथेच मी व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून गाडी चालवणं, शिकायला लागले.

"हँडल ओढू नको," भाऊ सांगायचा. "क्लच सोड, रेस दे, अंग मागे टाक. चाक जास्तच वर आलं तर मागचा ब्रेक दाब."

ओढायचं नाही, मग चाक उठणार कसं? आणि गाडी अंगावर येत असताना ब्रेक दाबायचा, हे माझ्या पायाला काही केल्या पटेना. गाडी एक तर गचके खाऊन बंद पडायची, नाही तर नुसतीच पुढे पळायची.

एका सकाळी चाक भसकन वर आलं. मी इतकी गोंधळले की रेस आणखीच पिळली. गाडी निसटली, मी पाठीवर आपटले, कोपर सोललं. डोळे उघडले तर बांधावर आबा, माझे वडील. संपलं सगळं, असं वाटलं. ते जवळ आले.

"लागनं का तुले?"

"नही, आबा."

त्यांनी गाडी उभी केली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बघते तर रान नांगरलेलं. सगळीकडे ही मोठी ढेकळं. मी तशीच घरी आले.

"आबा, रान का नांगरलं?"

"आते पडनी तरी लागाव नही." म्हणजे आता पडले तरी लागणार नाही.

ढेकळांत गाडी चालत नाही, हे आबांना कळत नसेल? की मला थांबवायचंच होतं, फक्त तोंडाने म्हणायचं नव्हतं? आईला विचारलं, तर ती म्हणाली, दरसाल याच दिवसांत नांगरतात, त्यात नवीन काय. मला काहीच उमगेना. रागवावं की लाजावं, तेही कळेना.

मग मी गिरणा नदीच्या कोरड्या पात्रात जाऊ लागले. काठाची जमीन टणक होती. एका रविवारी भाऊ सोबत असताना चाक उठलं आणि हवेतच राहिलं. समोर फक्त आभाळ. बऱ्याच वेळाने ते अलगद खाली टेकलं.

भाऊ धावत आला. "काय वेगळं केलंस?"

"माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं.

जेवताना भावाने आबांना सांगून टाकलं. आबा भाकरी मोडत होते.

"समोर कोनी नव्हतं ना?"

"नही."

"मग ठीक शे," म्हणाले आणि त्यांनी आईकडे आणखी भाजी मागितली.

ती परवानगी होती की शाबासकी, हे मी भावाला हळूच विचारलं. त्यानेही आईकडे भाजीच मागितली.