पहिल्या रांगेतली खुर्ची

मी गाते असं सांगितलं की लोक विचारतात, काय गाता, भावगीतं की नाट्यसंगीत? हल्ली मी जुन्या पद्धतीचं जॅझ गाते आणि त्याआधी सहा वर्षं नॉइज रॉक नावाच्या प्रकारात किंचाळत होते. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस ‘अरे वा’ म्हणतो आणि विषय बदलतो. त्याला बिचाऱ्याला दोष नाही. नॉइज रॉक म्हणजे गिटार नीट वाजू द्यायची नाही, स्पीकर शिट्ट्या मारायला लागेपर्यंत तिला छळायचं, ड्रम बडवायचे आणि त्या सगळ्यावर गाणाऱ्याने जीव खाऊन ओरडायचं. हे आम्ही चौघं अत्यंत गंभीरपणे करायचो.

आमची प्रॅक्टिस चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चालायची. गिरणी बंद पडल्यावर बाबा तिथल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले होते, त्यांच्या ओळखीने एक रिकामा गाळा संध्याकाळी दोन तास मिळायचा. एका बाजूला स्टीलची झाकणं ठोकणारा प्रेस, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या बादल्या. तिथे तरी कुणी तक्रार करणार नाही अशी आमची समजूत होती. पण झाकणवाल्यानेच तक्रार केली. त्याचं म्हणणं, तुमच्यामुळे मशीन नीट चाललंय की बिघडलंय तेच मला कळत नाही. माझ्या गाण्यावर आलेली ती पहिली समीक्षा.

पहिला शो अंधेरीला एका गोदामवजा हॉलमध्ये होता. आईने मला एकटीला पाठवायला साफ नकार दिला आणि राखणीला बाबांना धाडलं. हॉलमध्ये सगळी पोरं काळ्या टीशर्टांत उभी, आणि मध्ये आमचे बाबा, इस्त्रीचा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. त्यांनी कुठूनतरी प्लॅस्टिकची खुर्ची पैदा केली, थेट स्टेजसमोर, भल्यामोठ्या स्पीकरच्या तोंडाशी ठेवली आणि बसले. पोरांनी कानांत बोळे कोंबले होते, काही जण तर मागच्या भिंतीला चिकटले. बाबा मात्र गुडघ्यांवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसले. आयुष्य त्यांनी गिरणीच्या साचेखात्यात, शेकडो मागांच्या खडखडाटात काढलेलं, त्यांना कसला त्रास होणार. पुढे ते प्रत्येक शोला यायला लागले. पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढायची. आमच्या बँडची पहिली रांग म्हणजे बाबांची ती एक खुर्ची.

मी गाणी मराठीत लिहायचे, आणि त्यातला एकही शब्द कुणाला कळायचा नाही याचं मला भयंकर सुख होतं. वाट्टेल ते लिहा. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी दोन कडवी शिव्या घातल्या होत्या. सोडून गेलेल्या एका मुलावर तर अख्खं गाणं होतं, आणि त्या मुलाबद्दल घरी कुणाला काही माहीत नव्हतं. एकदा रिक्षातून घरी येताना बाबा एकदम म्हणाले, की सेक्रेटरी तसा वाईट माणूस नाही, टाकी वेळेवर साफ करून घेतो. मला वाटलं, म्हातारं माणूस, आपल्याच विचारात आहे. आणखी एकदा म्हणाले, की काही मुलं गेलेली बरी असतात. तेव्हा मी आईवर संशय घेतला, तिने माझा फोन बघितला म्हणून आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही.

एक गाणं बाबांवरही होतं. का, ते सांगायला हवं. आमचं घर म्हणजे चारकोपच्याच एका सेक्टरमधली एक खोली आणि किचन. बाबांची लाकडी खुर्ची खिडकीकडे तोंड करून असायची आणि बाबा पेपरात तोंड घालून. आम्हाला दिसायची ती त्यांची पाठ. चौथीत असताना गाण्याच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. घरी येऊन दप्तरही न काढता मी ते गाणं त्यांच्यामागे उभी राहून पूर्ण म्हटलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं. बाबांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं, पण ते स्वतः कधी कबूल करायचे नाहीत. कानाचं मशीन आणलं तर शिट्टी वाजते म्हणून ते शोकेसच्या ड्रॉवरमध्ये गेलं. त्यामुळे त्यांना ऐकू येत नाही की ऐकायचं नाही, हा घरात कायमचा वादाचा विषय होता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की यांना ऐकायचं नाही. त्या पान उलटण्याचा राग मी अकरा वर्षं सांभाळून ठेवला आणि बँडच्या दुसऱ्या वर्षी गाण्यात ओतला.

पाठ करून बसतोस तू,
पेपरात तोंड घालतोस तू,
एकदा तरी वळ, एकदा तरी बघ,
पाठीला कान नसतात रे.

आमच्याकडे आईला अगं आणि बाबांना अहो. बाबांना अरे-तुरे करायची माझी काय टाप होती. पण गाण्यात केलं, आणि ते त्यांच्याच तोंडावर, तीन हातांवरून ओरडून म्हटलं. म्हटल्यावर काय मोकळं वाटलं. बाबा नेहमीसारखे बसून होते. संपल्यावर पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी मला दिली.

त्याच आठवड्यात घरात एक किरकोळ गोष्ट घडली. बाबांनी आपली खुर्ची फिरवली. खिडकीकडे पाठ, खोलीकडे तोंड. त्यामुळे कपाटाचं एक दार अर्धंच उघडायला लागलं आणि आईने जो जप सुरू केला तो थांबेना. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते, असं बाबांनी सांगितलं. खिडकी उत्तरेकडे आहे, तिथून ऊन येत नाही. पण आमच्याकडे असल्या गोष्टींची चौकशी कोण करतो.

सहाव्या वर्षी माझ्या घशाची वाट लागली. बोरिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून बघितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात म्हणाल्या आणि तीन आठवडे मौन सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही. घरात इतकी शांतता माझ्या जन्मानंतर पहिल्यांदाच नांदली, असं आईने सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं. मी पाटीवर लिहून काम भागवायचे. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, लिहीत कशाला बसतेस, नुसते ओठ हलव. मी हलवले. ओठांनीच म्हटलं, चहा पाहिजे, साखर कमी. बाबा उठले आणि कमी साखरेचा चहा करून घेऊन आले.

मग कळलं की साचेखात्यात सगळे असंच बोलायचे. त्या आवाजात ओरडून उपयोगच नसे, म्हणून ओठ मोठे करून, सावकाश. लग्नं जुळवणं, भांडणं, सगळं मुक्याने. तीन आठवडे आम्ही दोघं असे बोललो. आधीच्या पंचवीस वर्षांत बोललो नसू इतकं बोललो. आई मध्ये बसून वैतागायची.

“आवाजात सांगलेला आयकाक येणा नाय,” ती म्हणाली, “आणि मुक्यान सांगलेला बरा कळता.”

या वाक्यावरून कुठल्याही शहाण्या मुलीच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या नाही पडला. मी फक्त हसले, तेही बिनआवाजाचं.

पुन्हा किंचाळायला बंदी होती. बँड फुटला, आणि आमचा ड्रमर सांताक्रूझच्या एका म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्या अंकलच्या बँडमध्ये गेला होता, त्याने मला तिकडे ओढलं. अंकल त्यांच्या वडिलांच्या काळचं जॅझ वाजवायचे, नाचाच्या हॉलमधलं, गुळगुळीत. पहिल्याच दिवशी मी सवयीने आवाज लावला तेव्हा त्यांनी सॅक्सोफोन खाली ठेवला. म्हणाले, “बेटा, मैं इधरिच है. कायको बुलाती है?” नॉइज रॉकमध्ये सूर चुकला तर लोक प्रयोग म्हणायचे. इथे चुकला की नुसताच चुकायचा, आणि सगळ्यांना ऐकू जायचा. ज्या ड्रमरने सहा वर्षं ड्रमचे पापुद्रे काढले, तो आता दोन झाडण्यांसारख्या ब्रशांनी तेच ड्रम कुरवाळत बसलेला. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायचो. वर्षभर मी हळू गायला शिकले, आणि खरं सांगते, किंचाळणं त्याच्यापुढे काहीच अवघड नव्हतं.

पहिला कार्यक्रम सांताक्रूझलाच होता, एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला. आई-बाबा दोघंही येणार होते. या वेळी मला बाबांनी यायला हवं होतं ते राखणीला नव्हे. आता मी खरंच गात होते, ऐकण्यासारखं गात होते, आणि त्यांनी ते एकदा ऐकावं एवढीच माझी इच्छा होती. चौथीतल्या मुलीची होती तीच.

मी लांब झगा घातला होता. आईने बघितलं आणि हा कुणाचा पडदा, असं विचारलं. अंकलनी त्यांचा जीव की प्राण असलेला जुना माइक आणला होता, जेवणाच्या डब्याएवढा, चकचकीत. त्याला ओठ टेकवूनच गायचं, असा त्यांचा हुकूम. मी चार गाणी गायले. लोक माना डोलवत होते. बाबा पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात. दुसऱ्या गाण्याला ते पुढे वाकले, तिसऱ्याला डावीकडे सरकले, मग उजवीकडे. चौथ्या गाण्याला त्यांनी पिशवीतून पेपर काढला.

मध्यंतरात मी तणतणत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. विचारलं, आवडलं का? ते म्हणाले, काही ऐकूच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते कबूल केलं, पण माझं डोकं तापलेलं, माझ्या ते लक्षातही आलं नाही.

“मग त्या बँडचं कसं ऐकू यायचं?”

“तेव्हा तरी कुठे ऐकू यायचं,” बाबा म्हणाले. “तेव्हा दिसायचं, माइक एवढासा होता. आता तो डबा आहे ना तोंडासमोर.”

मी गार पडले. सेक्रेटरी, तो मुलगा, टाकी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. कसंबसं विचारलं, काय काय दिसायचं? बाबांनी पेपराची घडी घातली आणि बाजाराची यादी सांगावी तसं सांगितलं, पाठ करून बसतोस तू, पेपरात तोंड घालतोस तू. चारही ओळी. एक शब्द चुकला नाही.

मी म्हटलं, “बाबा, मग तुम्ही काहीच बोलला नाहीत?”

“बोलायचं काय त्यात? खुर्ची फिरवली.” मग म्हणाले, “गाण्यात अरे-तुरे चालतं. घरी करू नको.”

“आणि माझा कपाट पाच वर्सा अर्धाच उघडता,” आई म्हणाली.

मला रडू आलं, आणि तिथे रडायची सोय नव्हती, डोळ्यांत काजळ होतं. मी अंकलकडे गेले आणि सांगितलं की मध्यंतरानंतर एक मराठी गाणं घ्यायचंय, माझं. कॉर्ड किती, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, चलेगा, आराम से बजाएँगे. ड्रमर माझ्याकडे घाबरून बघत होता. ते गाणं? इथे? असं त्याने तीनदा विचारलं. मी हो म्हटलं आणि अंकलचा तो लाडका माइक छातीपर्यंत खाली केला, तोंड मोकळं ठेवून. अंकलच्या चेहऱ्यावर दुःख उमटलं, पण सॅक्सोफोन तोंडात असल्यामुळे त्यांना बोलता आलं नाही.

मी गायले. सावकाश, ओठ मोठे करून, साचेखात्यातल्यासारखं. ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’ बसतं का तेही पाहिलं, तालात बसेना, मग राहू दिलं. बाबांनी पेपर पिशवीत ठेवला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचेही ओठ माझ्याबरोबर हलत होते. त्याच ओळी, ज्या मी त्यांच्या अंगावर फेकल्या होत्या, पहिल्या रांगेत बसून ते माझ्याबरोबर म्हणत होते.

‘एकदा तरी बघ’ झालं आणि शेवटची ओळ माझ्याच्याने म्हणवेना. ती आता खरी राहिली नव्हती. मी आवाज बंद केला. बँड हळूच चालू राहिला. मी नुसते ओठ हलवले, बाबा, खुर्ची आत्ता दिसली मला.

बाबांनी तसंच, बिनआवाजाचं उत्तर दिलं. डोळे कुणाचे अधू आहेत बघ.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शेवटची शांतता फर्स्ट क्लास होती, दर कार्यक्रमात ठेव, असं अंकलनी नंतर बजावलं. बाहेर रिक्षासाठी उभे होतो तेव्हा आईने माझा झगा रस्त्याला लागू नये म्हणून हातात धरला होता. तिचा चेहरा काळजीत होता.

“शेवटची ओळ इसारलंस काय गो?”

मी काही बोलायच्या आत, तिच्या तोंडाकडे बघत उभे असलेले बाबा म्हणाले, “इसारली नाय. पूर्ण गायली.”