फायर बंद

आमचे बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये बॉयलरवर होते. तिथे एकदा नवीन यंत्र बसवायला जर्मन साहेब आला. पहिल्याच दिवशी पाच वाजता त्याने चिंधीला हात पुसले आणि जाता जाता बाबांकडे बघून तो खुशीत ओरडला, "फायरआबेंट!" बाबांना ऐकू आलं, 'फायर बंद'. एवढ्या मोठ्या साहेबाचा हुकूम! त्यांनी भट्टीतली आग ओढून बाहेर काढली. वाफ गेली, रंगखात्यातलं कापड अर्धवट गुलाबी राहिलं आणि मॅनेजर बोंबलत आला.

"साहब, गोरे साहब ने खुद बोला, फायर बंद!" बाबांनी छाती काढून सांगितलं.

तेव्हापासून पाळी सुटली की सगळी मिल 'फायर बंद' म्हणायची. आई घरी स्टोव्ह विझवतानाही तेच म्हणायची.

पुढे मिलच बंद पडली. शेजारपाजारचे लोक पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत लागले. बाबांनाही एका गेटवर चौकीदारी मिळत होती, पण ते हटून बसले.

"मिल खतम नाही झाली. फक्त फायर बंद आहे. बंद केलेली आग परत पेटवता येते, जिंदगीभर मी तेच केलंय."

वर्षभर ते रोज सकाळी दाढी करून, खाकी कपडे घालून ओट्यावर तयार बसायचे.

परदेशी कंपन्या येणार म्हणून मी तेव्हा भंवरकुआं भागात जर्मनच्या क्लासला जात होते. शहाणपणा मिरवायची मला भारी हौस. एक दिवस चपला काढायच्या आधीच सुरू झाले.

"बाबा, तो साहेब 'फायरआबेंट' म्हणाला होता! त्यातलं फायर म्हणजे आग नाहीच! सण किंवा सुट्टी. आबेंट म्हणजे संध्याकाळ. सणाच्या आदल्या संध्याकाळला म्हणायचे फायरआबेंट. नंतर रोजचं काम सुटलं की तेच म्हणायला लागले. 'बंद' तर त्यात कुठेच नाही!"

आईची हसून हसून मुरकुंडी वळली. बाबाही हसले. मग म्हणाले, "आग बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

"मग बेटा, पेटवायचं काय?"

मी सावरायला गेले, पण ते उठून आत गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पीथमपूरची बस पकडली. चौकीदाराची टोपी त्यांना मोठी होत होती. माझी व्युत्पत्ती अगदी अचूक होती, आणि मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.