मोटारीची खांदेमळण

राणीसावरगावचा भुजंग उभ्या आयुष्यात फार थोडं खोटं बोलला, आणि जे बोलला तेही त्याला धड जमलं नाही. खोटं बोलताना तो पटका उगाच खोचत बसायचा. असल्या सरळ माणसाला महिना-दीड महिना एक गुपित पोटात दाबून ठेवावं लागलं ते एका मोटारीपायी. खरं सांगायचं तर जिव्हाळ्यापायी.

किशनराव देशमुखांकडं तो वीस वर्षं गाडीवान होता. निजामाच्या अमलात त्या मुलखात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक जुनी मोटार किशनरावांनी हैदराबादहून आणली, दमणीची, म्हणजे हलक्या बैलगाडीची, खिलारी जोडी विकून टाकली आणि भुजंगाला सांगितलं, "आता ही हाक." तीन महिने भुजंग गंगाखेडच्या वैजीनाथ मिस्त्रीकडं शिकला. मिस्त्री मूळचा बैलगाड्यांना लोखंडी धावा बसवणारा. शिकणाऱ्याला जे ठाऊक आहे त्यातूनच शिकवायचं, ही त्याची रीत. इंजिन म्हणजे बैल. ब्रेक म्हणजे कासरा. आणि क्लच?

"क्लच म्हंजी खांदा," मिस्त्री म्हणाला. "बैलाचा जोर जुवाला खांद्यातूनच जातो का न्हाई? तसा इंजिनाचा जोर चाकाला हितून जातो."

भुजंगाला हे इतकं पटलं, की पुढं जे झालं त्याचा निम्मा दोष मिस्त्रीच्या पदरात घालायला माझी हरकत नाही.

पोळा आला. आदल्या सांजेला बैलांची खांदेमळण असते. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि कानाशी सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. वीस वर्षांत त्या सांजेला भुजंगाचे हात कधी रिकामे नव्हते. त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, सवयीनं तूप कढवलं, हळद कालवली, वाटी पुढं ठेवली, आणि मग दोघंही त्या वाटीकडं बघत बसली. जोडी तर गेली होती. शेवटी भुजंग उठला, वाटी घेऊन मोटारीकडं गेला, पायाखालची फळी काढली, खालचं झाकण उघडलं आणि हात पोचेल तिथवर मोटारीचा खांदा मळला. अगदी मनापासून. आवतनही दिलं.

क्लचला तेला-तुपाचं बोट लागलं की त्याची पकड सुटते, हे आज शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. तेव्हाच्या भुजंगाला कोण सांगणार? दुसऱ्या दिवसापासून चढ लागला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं मात्र हळूच फिरायची. आठ दिवसांत त्याला सगळं उमगलं, आणि उमगलं तसं त्यानं तोंड शिवून घेतलं. किशनरावांच्या नाकाला मात्र भलतीच शंका येत होती. "भुजंगा," ते म्हणायचे, "या मोटारीत बसलं की मला भूक का रं लागती?"

दसरा झाल्यावर गिअरची पेटी खडखडायला लागली, म्हणून मोटार वैजीनाथच्या छपरात नेली. मिस्त्रीनं पेटी खाली उतरवली, आतलं फुटकं बेअरिंग बदललं आणि हात पुसत म्हणाला, "रावसाहेब, पेटी उतरलीच हाय तर क्लचची प्लेट बी नवी घालू का? माझ्याजवळ एक हाय. उद्या ती गेली तर हे समदं पुन्ना उतरवावं लागंल."

"चालायलाय ते कशाला बदलायचं?" किशनराव म्हणाले. मिस्त्री म्हटला की तो एकातून दुसरं काम काढणारच, हा त्यांचा ठाम समज. त्यांनी भुजंगाकडं बघितलं. "हाकतूस तू. तूच सांग. क्लच बरा हाय का?"

भुजंगाला पुढचं सगळं दिसलं. प्लेट बदलायची म्हणजे जुनी बाहेर निघणार, हळदीनं पिवळी झालेली. गड्यानं मोटार तुपात बुडवली हे साऱ्या गंगाखेडला कळणार. कासरा हातातून गेलाच होता, आता मोटारीचं चाकही जाणार.

"बरा हाय, मालक," तो म्हणाला आणि पटका खोचू लागला.

मिस्त्रीनं खांदे उडवले आणि पेटी परत चढवायची तयारी केली. किशनराव बाजेवर टेकले. "बरं झालं, आजच उरकतंय," ते म्हणाले. "शुक्रवारी सुमनला बाळंतपणाला घरी न्यायची हाय. सातवा लागलाय तिला."

सुमनबाई त्यांची एकुलती लेक, गंगाखेडातच दिलेली. लहानपणी ती दमणीत भुजंगाच्या मांडीवर बसायची आणि कासऱ्याचं टोक धरून आपणच बैल हाकतो असं समजायची. भुजंगाच्या डोळ्यांपुढं गावाअलीकडचा चढ उभा राहिला. एका अंगाला खोल ओढा. हलकी मोटार तो चढ कशीबशी चढायची. भरलेली मोटार मधेच अडली आणि मागं घसरू लागली, तर तिचे झिजलेले ब्रेक तिला धरणार नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीनं पेटीला हात घातला.

"थांबा," भुजंग म्हणाला. "मालक, म्या खोटं बोललो. क्लच घसरायलाय. बदला."

"कवापासून घसरायलाय?" किशनरावांनी विचारलं.

"पोळ्यापासून."

मिस्त्रीनं क्लच सोडला, प्लेट बाहेर काढली आणि नाकाशी नेली. करपलेल्या तुपाचा वास छपरभर झाला. कडेच्या खाचांत हळद अजून पिवळीधमक होती. "हे काय हाय?" त्यानं विचारलं.

"खांदेमळण," भुजंग खाली बघत म्हणाला. "तुमीच म्हणलाव, ह्यो खांदा हाय म्हणून. बैल न्हाईत, अन् हात गप बसंनात. मग कुणाला चोळावं?"

मिस्त्री पोट धरून हसला. किशनरावांना हसू आलं नाही. मिस्त्रीच्या हातातली प्लेट घेऊन ते उलटीपालटी करून बघत राहिले. जोडी विकताना भुजंगाला एका शब्दानंही विचारलं नव्हतं, हे त्यांच्या आता ध्यानात आलं असावं.

"तूप कुठलं?" त्यांनी विचारलं.

"घरचं, मालक."

"नवी घाल," ते मिस्त्रीला म्हणाले.

भुजंगानं कमरेची मोटारीची किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली. किशनरावांनी ती घेतली नाही.

"शुक्रवारी मी येत न्हाई," ते म्हणाले. "बायनाबाईला सोबत घे अन् सुमनला तूच घिऊन ये."

"मालक, म्या खोटं बोललो तुमच्यासंगं."

"बोललास. पन माझी पोरगी बसणार म्हणल्यावर ते खोटं तुला घटकाभर बी धरवलं न्हाई. मला तेवढं बास हाय."

शुक्रवारी सकाळी भुजंगानं मोटार सुमनबाईच्या सासरच्या दारात उभी केली. मागं बायनाबाई दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरून बसली होती, जन्मात पहिल्यांदाच मोटारीत. सुमनबाईचे सासरे व्यंकटराव बाहेर आले आणि वाकून आत बघू लागले.

"किशनराव न्हाई आले?" त्यांनी विचारलं. "लेकीला न्यायला नुसता गाडीवान धाडला?"

"व्हय जी," भुजंग खाली उतरत म्हणाला. "मालकांनी मलाच धाडलंय."