नागिणीवरचा गेरू

उल्हासनगरच्या बराकीतल्या दवाखान्यात मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. निर्वासितांच्या खरजेला मी कधी नाक मुरडलं नाही. अंघोळीला पाणी नाही, तर खरूज होणारच. शिसारी आली ती अंबरनाथच्या एका बंगल्याची. तिथे पडदे होते, रेडिओ होता, अक्कल तेवढी नव्हती.

कारखान्यातल्या एका साहेबांच्या बायकोला कपाळावर नागीण उठली होती. फोड भुवईवरून पापणीपर्यंत उतरलेले. आमचे सिंधी डॉक्टर मला म्हणाले, “जान की फिक्र नहीं, सिस्टर. आँख बचाओ.” म्हणून मी रोज सकाळी जायची, उकळून गार केलेल्या पाण्याने खपल्या भिजवायची, डोळ्यात औषधाचे थेंब घालायची. बाई सोशीक. माझं मनगट घट्ट धरायची, पण तोंडातून हूं की चूं नाही.

एके सकाळी जाऊन बघते तर कपाळापासून थेट डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेरूचा लपका! चामटोलीच्या कुणा भगताकडून मंतरून आणलेला.

“नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस जातं हो, नर्सबाई,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून तिची वाट अडवली. आता पाणी लावू नका. ओल्याने ती सरसर पुढे सरकते.”

“अहो, ही कपाळाच्या मध्यापलीकडे जातच नाही. पण डोळ्यात माती गेली तर डोळा जाईल.”

साहेब टाय बांधत होते. “सिस्टर, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आईचं मन मोडवत नाही.”

यंत्राच्या तेलात धुळीचा कण दिसला तर कामगारांवर खेकसणारा हा शूर पुरुष बायकोच्या डोळ्यात खुशाल माती घालू देत होता. विश्वास असता तर एक वेळ मी समजून घेतलं असतं.

मी गेरू धुवायची. माझी पाठ वळली की सासूबाई पुन्हा थापायच्या. शेवटी मी बाईवरच चिडले. “तुम्ही तरी नाही म्हणा ना!”

“तुम्ही तासाभराने घरी जाता, सिस्टर,” ती म्हणाली.

डोळा लालभडक झाला, पू धरला, बुबुळावर पांढरा डाग पडला. फोड सुकले तशी घरात सत्यनारायणाची पूजा झाली. सून वाचली होती ना! सासूबाईंनी मलाही प्रसाद दिला, लांबूनच, हाताला हात न लावता.

शेवटच्या दिवशी मी बाईचा चांगला डोळा झाकला आणि दुसऱ्यासमोर बोटं धरली. उजेड आहे एवढंच तिला कळत होतं.

साहेब वाकून निरखत होते. क्लबातल्या समारंभाला तिला न्यायचं होतं. “सिस्टर, काळा चष्मा लावला तर लोकांना कळणार नाही ना?”

मी तोंड उघडण्याआधी बाईच बोलली.

“लोकांचं काय घेऊन बसलात? इतके दिवस मी रोज समोर होते, तुम्हाला तरी कुठे कळलं?”