नव्या आवृत्तीतली एक ओळ

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात माझी पाच-सहा वर्षांची मेहनत एका ओळीत निकालात निघाली.

ती ओळ मी वाचली मुखेडच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये. मी तिथं तासिका तत्त्वावर गणित शिकवायची. म्हणजे तास घ्या, तेवढेच पैसे घ्या, आणि सुट्टी लागली की तुम्ही कोण न् आम्ही कोण. भोवती रोजचाच वाद रंगला होता. नवा जिल्हा होणार, मग आपला तालुका तिकडं जाणार का नांदेडातच राहणार. एकजण छातीठोकपणे सांगत होते, जिल्हा झाला की पाण्याचं बी सुटतंय बघा. जिल्हा झाल्यानं पाणी कसं सुटतं, हे त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्या गलक्यात मी मोबाइलवर मेल उघडली.

गणिताचं एक सॉफ्टवेअर असतं. नुसते आकडे मिळवणारं नव्हे, त्याला कॅल्क्युलेटर पुरतो. हे अक्षरांचं गणित सोडवतं, क्ष आणि य यांचं, जे आपण कागदावर पायरी पायरीनं करतो. त्याची मोठी नवी आवृत्ती आली होती आणि कंपनीनं नव्या सुविधांची भलीमोठी यादी पाठवली होती. आकृत्या आता हव्या तशा फिरवता येतील. हातानं खरडलेलं समीकरण वाचता येईल. नकाशे काढता येतील. आणि खाली कुठंतरी, नकाशे आणि रंगांच्या मधे, एक ओळ: अमुक प्रकारच्या अनंत बेरजांचं उत्तर आता थेट मिळेल.

तो अमुक प्रकार म्हणजे माझा प्रबंध.

काही बेरजा संपतच नाहीत. मिळवत राहा, मिळवत राहा, पुढचं पद उभंच. तरी त्यातल्या काहींचं उत्तर एका ओळीत मावतं. ती ओळ शोधायची रीत सापडेपर्यंत मात्र नाकी नऊ येतात. मी ज्या बेरजांच्या मागं लागले होते त्यांना रीत नव्हती. जुन्या आवृत्तीला त्या घातल्या की ती बराच वेळ घ्यायची आणि माझाच प्रश्न मला जसाच्या तसा परत द्यायची. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी त्यावरच उभं केलं होतं. संगणकाला जे जमत नाही ते इथे केलं आहे, असं ठासून लिहिलं होतं.

हे काम काही टेबल-खुर्चीवर बसून झालेलं नाही. टँकरच्या रांगेत घागरी लावून झालं, मुखेडहून निघालेल्या एसटीत झालं, आणि सगळ्यात जास्त झालं चाकूरला, माहेरी. माझे वडील, अप्पा, यांचं तिथं किराणा दुकान. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नाहीत. दुकानात बसले की गिऱ्हाइकाच्या पुड्या बांधता बांधता मला विचारायचे, "आली का गं तुझी बेरीज?"

"न्हाई, अप्पा."

"येतीय. जातीय कुठं."

आणि खरंच आली होती. म्हणून ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. नव्या आवृत्तीचा फुकट नमुना काही दिवस वापरायला मिळत होता. तालुक्याच्या नेट कॅफेत बसून तो माझ्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायला दोन चकरा झाल्या, कारण लाइट मधेच जायची. शेवटी चालू झाला. मी माझी सगळ्यात अवघड बेरीज टाकली, जिच्यापायी मी एक अख्खा पावसाळा घातला होता. पावसाळा तरी कसला, कोरडाच गेला होता तो. बटण दाबलं आणि उत्तर आलं, पापणी लवायच्या आत. चूक निघेल म्हणून मी माझी पानं काढून एकेक पद लावून पाहिलं. चूक नव्हती. मेलं बरोबर होतं. मला इतका संताप आला की काही कारण नसताना मी कॅफेवाल्यावर खेकसले.

माझे गाइड नांदेडच्या एका कॉलेजातले. प्रबंध जमा झालेला होता, फक्त वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, राहिली होती. मी जाऊन सगळं सांगितलं. सर चहा बशीत ओतत होते.

"मॅडम, आपल्याकडं कोणतं व्हर्जन हाय?"

"जुनं."

"त्याला येतंय का हे?"

"न्हाई."

"मग विषय संपला की."

"सर, जगाला येतंय आता."

"जग येऊन राहिलं का तुमच्या वायवाला? एक परीक्षक येऊन राहिले. त्यांच्या जेवणाचं बघा तुम्ही."

आमच्याकडं वायवा म्हणजे निम्मं जेवणच. परीक्षकांची गाडी, खोली, शाल, नारळ, हॉलमागचा बॅनर, सगळं परीक्षा देणाऱ्यानं करायचं. त्या वर्षी त्यात पाण्याच्या बाटल्यांचे खोके वाढले. त्यात परीक्षकांनी आधीच कळवलं होतं की एवढ्या लांब येतोय तर इस्लापूरचा सहस्रकुंड धबधबाही पाहून जाऊ. सरांनी त्यांना फोनवर समजावलं, "सर, सहस्रकुंडाला आता थेंब न्हाई, नुसता खडक हाय." ते म्हणाले, "चालेल हो, तेवढंच फिरणं." म्हणून वायवा सकाळी लवकर ठेवली आणि आवरती घ्यायची असं ठरलं. मी हे सगळं मुकाट्यानं केलं. अडला हरी, दुसरं काय.

पण मनात एक पक्कं केलं होतं. नवी आवृत्ती मी सर्वांसमोर चालवून दाखवणार. मी काही हरिश्चंद्राची वंशज नव्हे. मला फक्त एक प्रश्न पाहिजे होता. कुणीतरी विचारायला पाहिजे होतं की बाई, मशीन हे करतंय, तर मग तुझ्या रीतीत वेगळं काय आहे? त्याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. मशीन नुसतं उत्तर हातात ठेवत होतं. माझ्या रीतीत ती बेरीज का जमते ते उघड दिसत होतं, पायरी पायरीनं, कुणालाही दाखवता येईल असं. तेवढा एक प्रश्न आला असता तर माझं काम जिवंत राहिलं असतं. पदवी मिळो न मिळो, तिच्यावर मी पाणी सोडलं होतं.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. अप्पा पहिल्या रांगेत, कपाळाला विभूती, परीटघडीचं धोतर. माझं सांगून झालं आणि मी म्हणाले, "हे सॉफ्टवेअर नुकतंच नवीन आलंय. माझी बेरीज ते एका क्षणात करतं." बेरीज टाकली, बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं. सरांचा चेहरा खाडकन उतरला.

परीक्षकांनी चष्मा लावला. पडद्याकडं पाहिलं, प्रबंधाचं पान उलटलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

"सेम आलंय?"

"हो, सर."

"अगदी सेम?"

"हो. सर, म्हणूनच मला सांगायचंय की आता या प्रबंधाची..."

"वा. म्हणजे मशीननंच पडताळणी केली की तुमच्या कामाची. अजून काय पाहिजे? अभिनंदन."

टाळ्या झाल्या. माझं पुढचं वाक्य त्यात बुडालं. परीक्षक हॉलकडं वळून म्हणाले, नव्या पिढीनं असाच तंत्रज्ञानाचा वापर केला पाहिजे. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. इस्लापूर लांब होतं. सरांचा जीव भांड्यात पडला होता, ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लई भारी आयडिया काढली, मॅडम. आधी सांगायचं तरी."

खोटं बोलून पास झाले असते तर निदान स्वतःला दोष देता आला असता. मी तर खरं सांगितलं, मोठ्या आवाजात, पडद्यावर दाखवून, आणि त्यानं काडीचा फरक पडला नाही. माझ्या बेरजा जमल्या काय, न जमल्या काय, त्या हॉलमध्ये कुणालाच त्या मुळात पाहिजे नव्हत्या. गाढवापुढं वाचली गीता म्हणतात, पण गाढवाला निदान धबधबा बघायची घाई नसते.

अप्पा मात्र हरखून गेले होते. गाडीत बसताना म्हणाले, "मशीनला सुद्धा तुझंच उत्तर द्यावं लागलं बघ." त्या माणसाला मी काय सांगणार होते? हो म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत बसले. विचित्र वाटेल, पण त्या क्षणी मला सगळ्या जगात जवळचा वाटला तो त्या कंपनीतला, ती ओळ लिहिणारा अनोळखी माणूस. बाई असेल, बाप्या असेल. माझा प्रश्न त्याला तरी पडला होता. त्यानं तरी त्यावर दिवस घातले असतील. त्याचा मला हेवा वाटला, रागही आला, आणि एकदा त्याच्याशी बोलावं असंही वाटलं.

पुढं पाऊस पडला. जिल्हा काही झाला नाही. मी डॉक्टर झाले आणि तासिका तत्त्वावरच राहिले. मग कॉलेजला कुठल्याशा योजनेतून तीच नवी आवृत्ती मिळाली. प्राचार्य म्हणाले, "मॅडमची पीएच.डी. त्याच्यातच हाय, त्याच शिकवतील." त्याच्यातच म्हणजे कशात, हे समजावायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पहिल्याच तासाला मी पोरांना यादीतली एकेक सुविधा दाखवत गेले. फिरणाऱ्या आकृत्या झाल्या, नकाशे झाले, आणि हात आपोआपच माझ्या बेरजेवर गेला. बटण दाबलं, उत्तर आलं. पोरं खूश. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हुशार होती, वर्गात बोलायची नाही फारशी.

"मॅडम, मशीन नसताना हे कसं करायचे?"

मी लॅपटॉप बाजूला सारला आणि खडू घेतला. पहिली पायरी लिहिली, दुसरी लिहिली. किती दिवसांनी असा आवाज लागला होता माझा. तिसरी पायरी जरा अवघड, ती मी सावकाश समजावत होते, तोवर फळा निम्मा भरला होता.

"मॅडम," ती उभीच होती, "परीक्षेला येतंय का हे?"

"न्हाई."

"मग राहू द्या, मॅडम. लई मोठं हाय."

तिच्या बोलण्यात काही उर्मटपणा नव्हता. माझे कष्ट वाचावेत म्हणूनच ती बोलली होती. मी फळा पुसला आणि उरलेला तास बटण कुठलं दाबायचं ते शिकवलं.