डावीकडची सीट

दर रविवारी सकाळी पप्पा आणि मी दौंडला जायचो. काम असं फारसं नसायचं. विहिरीवरच्या मोटारीचं एखादं वॉशर, फवारणीचं औषध, कधी नुसती दाढी. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात भजी आणि चहा, की परत मांडवगण.

आई धाकट्या भावाच्या कॉलेजसाठी पुण्यात फ्लॅट घेऊन राहते, त्यामुळे गावच्या घरात आम्ही दोघंच. घरात आम्ही फारसं बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, जमत नाही एवढंच. मी पाचवीपासून हॉस्टेलवर आणि इंग्लिश मीडियमला. सुट्टीत घरी आले की पाहुणीसारखी खुर्ची मिळायची आणि मी पाहुणीसारखीच गप्प बसायचे. माझं मराठी कधी पुस्तकी व्हायचं, कधी चुकायचं. चुलत बहिणी हसायच्या, म्हणून मी बोलणं कमी केलं. पप्पा मुळातच कमी बोलणारे.

गाडीत मात्र बोलणं निघायचं. गाडीत एकमेकांकडे बघावं लागत नाही. दोघंही काचेतून समोर बघतो आणि मध्येच कुणीतरी एक वाक्य रस्त्यावर टाकतं. कुणाचा ऊस गेला, कुणी शेवंती लावली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं नाही. मीही सांगायचे, आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या गमती. आठवड्यातलं माझं खरं बोलणं तेवढंच. बाकी दिवस कंपनीत गुड मॉर्निंग आणि ओके.

ही गाडी मुळात काकांची. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्यांनी हौसेनं मुंबईहून ती सेकंडहँड आणली. अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची, लाल. मागच्या सीटवर काकूंना शिरता येईना, शिरल्या तर निघता येईना. वर्षभरात काकांनी उंच गाडी घेतली आणि ही आमच्या शेडमध्ये खताच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. मी ती पुसली, चालवायला शिकले, आणि रांजणगावला कंपनीत जायला रोज वापरू लागले. गावातले लोक थोडे दिवस हसले. डेअरीवरचे एक मामा मला रोज विचारायचे, "ताई, ह्याला मागं ट्रॉली लागती का?"

ट्रॅक डेबद्दल मला ऑफिसात कळलं. ही शर्यत नसते. आपली रोजची गाडी बंद ट्रॅकवर न्यायची, हेल्मेट घालायचं आणि आपल्या पाळीला हवी तेवढी जोरात चालवायची. कुणी जिंकत नाही, बक्षीस नाही. लोक मित्रांचा घोळका घेऊन येतात, फोल्डिंगच्या खुर्च्या मांडतात. मी माझ्याच गाडीत बसून डबा खायचे. पण एकदा हेल्मेट घातलं की मी लाजाळू आहे हे कुणाला दिसत नाही, आणि वळणं कुणाशी बोलायला लावत नाहीत. मला ते आवडलं. एवढं आवडलेलं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

अडचण गाडीची होती. सरळ रस्त्यावर ती कुणाला ऐकायची नाही, पण वळण आलं की म्हशीसारखी एका अंगावर कलायची. ब्रेक मारला की नाक खाली, सोडला की वर. ट्रॅकवरच्या शिकवणाऱ्यांनी सांगितलं, इंजिनला हात लावू नका, आधी सस्पेन्शन करा. मी महिनाभर वाचलं, पार्ट मागवले आणि कारेगावच्या एका गॅरेजात गाडी नेली. कंपनीतली नोकरी सोडून गॅरेज टाकलेला तो माणूस फार बोलका होता.

"रेस खेळणार का ताई?"

"रेस नाही. ट्रॅक डे."

"तेच ते. अशी कडक करून देतो ना, पोरं थांबून फोटो काढत्याल."

"पण रोजही चालवायची आहे."

"चालवा की. हायवेला काय प्रॉब्लेम न्हाई. गावच्या रोडला जरा लागंल. हुईल सवय."

त्यानं चारी स्प्रिंगा बदलून ताठ स्प्रिंगा घातल्या. नवे शॉकअप बसवले. त्यांच्या डोक्यावर एक खुंटी असते, ती फिरवली की शॉकअप सैल किंवा घट्ट होतो. आणि गाडी वळणात कलू नये म्हणून पुढेमागे जाड बार टाकले. गाडी बोटभर खालीही बसली. घरी येताना स्टिअरिंग जरा हलवलं की अख्खी गाडी एकदम वळायची. मी एकटीच हसत होते.

त्या रविवारी पप्पा आणि मी दौंडला गेलो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता उखडलेला होता. पप्पांनी दारावरची मूठ धरून ठेवली होती. मला वाटलं, माझ्या स्पीडमुळे. परत आल्यावर ते सावकाश उतरले, दार धरून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कडक झाली गाडी."

आमच्या कंपनीत चांगल्या गोष्टीला सगळे कडक म्हणतात. कडक चहा, कडक शर्ट, ऑडिट पास झालं तर कडक ऑडिट. पप्पांनी माझ्या कशाला तरी पहिल्यांदाच असं म्हटलं होतं.

"थँक यू, पप्पा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडे हसले आणि दार हळूच लावलं.

पुढच्या रविवारी म्हणाले, "तू जा. लाईट दिवसाची हाय, उसाला पाणी द्यायचंय." त्याच्या पुढच्या रविवारी कुणी पाहुणे येणार होते. मग पुन्हा पाणी. मी विचारलं नाही. मला विचारता येत नाही. मी कारण शोधत बसते, आणि शोधलेलं कारण नेहमी माझ्याविरुद्धच निघतं.

यावेळचं कारण डेअरीसमोर मिळालं. पप्पा कॅन घेऊन उभे होते आणि मी समोरून गाडीनं चालले होते. तेच मामा मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, पोरगी रेस लावती म्हणं. आता जावईबी तिथंच पळवत आणा." सगळे हसले. पप्पा काय म्हणाले ते मी ऐकायला थांबले नाही. काच वर केली. संध्याकाळपर्यंत माझं ठरून गेलं होतं की त्यांना माझी लाज वाटते, म्हणून ते माझ्याशेजारी बसत नाहीत.

तरी मी दर रविवारी दौंडला जात राहिले. का, ते सांगता येणार नाही. घरी थांबले असते तर ते कुठलं तरी काम काढून शेतात गेले असते, आणि ते मला बघवलं नसतं. हॉटेलात एकटी बसले की वेटर दोनदा विचारायचा, अजून कुणी येणार आहे का.

एका रविवारी मोटारीच्या दुकानासमोर गाडी लावत होते, तेव्हा शेजाऱ्यांचा पिकअप आला आणि पुढच्या सीटवरून पप्पा उतरले. सकाळी मला पाण्याचं सांगितलं होतं. ते कमरेवर हात ठेवून जरा उभे राहिले, हातातली पिशवी झटकली. मी सीटवर खाली सरकले. पण ती गाडी लपत नाही. दौंडात तशी दुसरी नाही. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते वळले आणि बाजूच्या गल्लीत गेले. दुकानात गेलेच नाहीत.

रात्री त्यांनी विचारलं, "जेवलीस?"

"हो."

बस, एवढंच. त्यांनी मला पाहिलं होतं, मी त्यांना पाहिलं होतं, आणि दोघांनी ताटं उचलली.

त्यानंतरचा ट्रॅक डे माझा सगळ्यात चांगला गेला. गाडी वळणात सपाट राहायची, ब्रेकला हलायची नाही. शिकवणारे म्हणाले, आता गाडी तुमचं ऐकते. खाली उतरले तेव्हा हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. फोन काढला. आईचं नाव, भावाचं नाव, ऑफिसची नावं. ठेवून दिला.

सोमवारी नटबोल्ट तपासायला गाडी कारेगावला नेली. गॅरेजवाला एका कंपनीच्या बसखाली होता. बसचा ड्रायव्हर, साठीचा असेल, बाजूला उभा राहून त्याला झापत होता.

"लई कडक केलीस रं मागची बाजू. शिफ्टच्या बाया मला शिव्या घालत्यात. कंबरडी मोडली म्हणत्यात."

"मामा, स्प्रिंगची पाटं नवीन हायती. बसत्याल हळूहळू."

"पाटं बसंपतुर बाया माझ्या उरावर बसत्याल."

गॅरेजवाला बसखालून हसला. मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. कडक. या माणसानं ते तक्रार म्हणून म्हटलं होतं, आणि दुसऱ्या कशाचाही संशय येऊ नये इतकं स्पष्ट म्हटलं होतं. पप्पांची उभी हयात ट्रॅक्टरवर गेली आहे. ते शर्टाच्या आत कमरेचा पट्टा बांधतात. दोरीवर वाळत घातलेला तो पट्टा मी रोज बघते.

"जुन्या स्प्रिंगा परत घालता येतील?" मी विचारलं.

तो बाहेर आला. "आवो, आत्ता तर घातल्या ताई. ट्रॅकला मग परत लोळंल की."

"बार राहू द्या, त्यानं कमी कलेल. शॉकअप सैल करा. स्प्रिंगा तेवढ्या जुन्या."

"कोण काय बोललं का?"

"हो," मी म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी पप्पा ओट्यावर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. मी मनात मराठी वाक्य दोनतीनदा जुळवलं आणि गेले.

"पप्पा, तुम्ही गाडी कडक झाली म्हणालात. तेव्हा कंबरेला लागत होतं का?"

"मग काय तर."

"मला वाटलं, आवडली."

त्यांनी नळी सोडली. "कडक कशी आवडंल? भाकरी कडक झाल्याली आवडती का कुणाला?"

"मग सांगायचं ना."

"सांगितलं की. तू थँक यू म्हणलीस." ते पुन्हा गुंडाळायला लागले. "म्हणलं, पोरीनं मुद्दाम करून घेतलीय, तिची हौस हाय. आन् आपण कंबर धरून बसायचं का तिच्या शेजारी."

"मी जुन्या स्प्रिंगा घातल्या परत."

"उगा कशाला," ते म्हणाले. उद्या येईन असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

सकाळी मी गाडी बाहेर काढली आणि इंजिन चालू ठेवून बसले. नेहमीची वेळ टळली. ओट्यावर कुणी नव्हतं. निघावं म्हणून गिअर टाकला, तेवढ्यात ते घराच्या मागच्या दारानं पिशवी घेऊन आले, गाडीत बसले आणि सीटचा पट्टा लावायला थोडे झगडले. दौंडच्या रस्त्याला लागलो. पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी वर झाली, खाली आली आणि हळूच सावरली. त्यांचा हात मांडीवरच होता.

मधल्या काळात बोलायची सवय गेली होती. मला आठवड्यातलं काही आठवेना, त्यांनाही उसाचं काही सुचत नसावं. शेवटी तेच म्हणाले, "तिथं ट्रॅकवर कोण असतं गं तुझ्यासंगं?"

"कोणी नाही."

"एकलीच जातीस?"

"हो."

ते शेताकडे बघत होते. "मग कशाला जातीस?"

याचं उत्तर मला इंग्रजीतही देता आलं नसतं. मी वळणाचं सांगायला लागले. की वळण येण्याआधीच त्याच्या पलीकडे बघायचं असतं, आपण जिकडे बघतो तिकडेच गाडी जाते, की तेवढ्यापुरतं डोकं अगदी रिकामं होतं. शब्द अडायला लागले तसा मी डावा हात उचलला आणि हवेत वळण काढून दाखवायला लागले, इथून आत, इथे थांब, इथून बाहेर. पप्पा माझ्या हाताकडे बघत होते. समोरून उसाची ट्रॉली येत होती.

"कळलं," ते म्हणाले. "म्होरं बघ."